यजमानपणाची एकादशी

आज आषाढ वद्य एकादशी, म्हणजे कामिका एकादशी. कर्जतचे ग्रामदैवत संत सद्गुरू गोदड महाराज यांची आज यात्रा. पंधरा दिवसांपूर्वी अवघा महाराष्ट्र पंढरपुरात होता. त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी मिरजगावच्या वाटेने याच तालुक्यातून चंद्रभागेकडे गेली. तेव्हा भक्त देवाच्या भेटीला चालले होते. आज उलटे घडते, अशी इथल्या माणसाची श्रद्धा आहे. कामिका एकादशीला पांडुरंग पंढरपूर सोडतो आणि आपल्या लाडक्या भक्ताला, गोदड महाराजांना, भेटायला कर्जतला येतो. देवच पाहुणा येणार म्हटल्यावर गाव यजमान होते. लेकी माहेरी येतात, पुण्या-मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेली पोरे रजा टाकून येतात आणि उपवास असूनही घरोघरी चूल दिवसभर विझत नाही.

या यजमानपणाबद्दलच आज चार शब्द लिहायचे आहेत. अलीकडे कुठल्याही जत्रेचा, उरुसाचा, महोत्सवाचा विषय निघाला की पाठोपाठ ‘पर्यटन’ हा शब्द येतो. ‘ब’ वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा, विकास आराखडा, सुशोभीकरण, कमान, पेव्हर ब्लॉक, भक्तनिवास असे सगळे एका दमात बोलले जाते. त्यात वाईट काही नाही. दुष्काळाने वर्षानुवर्षे पिचलेल्या तालुक्यात बाहेरचा माणूस आला, चार पैसे सोडून गेला, तर ते हवेच आहे. पण सणाला आलेल्या माणसाला आपण नेमके काय देणार आणि त्याच्याकडून काय घेणार, याचा विचार न करता नुसती गर्दी वाढवायला निघालो, तर यात्राही जाईल आणि पर्यटनही हाती लागणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘यात्रा ही श्रद्धेची गोष्ट, तिथे पर्यटनाचा बाजार कशाला,’ असे म्हणणारी माणसे आहेत. त्यांची तळमळ खरी आहे, पण यात्रेचा इतिहास त्यांच्या बाजूने नाही. जत्रा आणि बाजार आपल्याकडे कधीच वेगळे नव्हते. देवळात दर्शन, देवळाबाहेर गोडीशेव आणि रेवड्यांची दुकाने, पलीकडे बांगड्यांचे पाल, त्याच्या पलीकडे रहाटपाळणे आणि यात्रा उलगता उलगता कुस्त्यांचा हगामा, ही नगर जिल्ह्यातल्या यात्रांची ठरलेली बांधणी आहे. हगाम्यात सुरुवातीला बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात आणि शेवटची मानाची कुस्ती सुटेपर्यंत दिवस मावळतो. शेतकऱ्याला विळा-खुरपे, बायकांना पाटा-वरवंटा, पोरांना पिपाणी हे सगळे जत्रेतच मिळायचे. तेव्हा यात्रेतून पैसा फिरू नये, असे म्हणणे म्हणजे यात्रेची अर्धी बाजू नाकारणे आहे. तो पैसा कोणाच्या हातात जातो, हे विचारायला हवे.

आता कर्जत तालुक्याचा एक वर्षाचा फेरा डोळ्यांसमोर आणा. आषाढात खरिपाच्या पेरण्या आटोपलेल्या असतात. मूग, उडीद, बाजरी, तूर जमिनीवर आलेली असते आणि शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. त्या दिवसांत कर्जतला गोदड महाराजांचा रथ निघतो. भाद्रपदात गणेशोत्सव येतो आणि भीमेच्या काठी सिद्धटेकला अष्टविनायकांतल्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला रीघ लागते. अश्विनात राशीनला जगदंबेचे नवरात्र बसते, दसऱ्याला देवीची पालखी निघते आणि तिकडे रानात ज्वारीची पेरणी होते. पौष-माघात ती ज्वारी हुरड्यावर येते, माघी चतुर्थीला सिद्धटेक पुन्हा गजबजते. त्याच थंडीत उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. ते बघायला लोक भिगवणला जातात, पण पाण्याचा एक काठ आपल्या तालुक्यातही आहे. देवळांचे सण, शेतीचा हंगाम आणि रानातल्या पाखरांचे येणे-जाणे असे तीन फेरे या तालुक्यात एकमेकांत गुंतलेले आहेत. असे वर्ष ज्या तालुक्याला आयते मिळाले आहे, त्याला नवा ‘महोत्सव’ शोधून काढायची गरज काय?

ही गरज आपल्याला का वाटते, हे मात्र बघायला हवे. ‘कर्जत’ आणि ‘पर्यटन’ हे दोन शब्द एकत्र उच्चारले की मुंबई-पुण्याच्या माणसाला रायगड जिल्ह्यातले कर्जत आठवते. तिथले धबधबे आणि फार्महाऊस त्याच्या ओळखीचे. आपले कर्जत त्याच्या नकाशावर नाही. सिद्धटेक आहे, पण ते ‘अष्टविनायक सहली’तले एक ठिकाण म्हणून. बस थांबते, लोक दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि तासाभरात दौंडच्या रस्त्याला लागतात. पूर्वी भीमेवर पूल नव्हता. दौंडकडून येणारा भाविक शिरापूरला उतरायचा आणि होडीने नदी ओलांडून सिद्धटेकला यायचा. होडीची वाट बघावी लागे, नदीला पाणी वाढले तर मुक्काम पडे आणि मुक्कामात गावाची ओळख होई. पुलाने त्रास वाचवला, ते उत्तमच झाले. पण वाचलेला वेळ कर्जत तालुक्यात घालवायला आपण त्या भाविकाला कारण दिले नाही.

कारणांची वाण नाही. सिद्धटेकची प्रदक्षिणा मोठी, कारण ती नुसत्या देवळाला नसून देवळाच्या टेकडीला घालावी लागते. पेशवाईतले सेनानी हरिपंत फडके यांनी २१ दिवस रोज २१ प्रदक्षिणा घातल्या आणि त्यांचे गेलेले पद परत मिळाले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी हरिपंतांचा अंत १७९४ मध्ये सिद्धटेकलाच झाला, हा इतिहास आहे. पुढच्याच वर्षी, मार्च १७९५ मध्ये, शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्ड्याची लढाई झाली आणि मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. सिद्धटेकच्या देवळाच्या उभारणीशी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव जोडलेले आहे आणि अहिल्यादेवींचा जन्म १७२५ मध्ये ज्या चौंडीत झाला, ती चौंडीही जामखेड तालुक्यातलीच. सिद्धटेक, खर्डा आणि चौंडी या तीन ठिकाणांना जोडणारी अठराव्या शतकाची एक अख्खी गोष्ट इथे पसरली आहे. ती सांगणारा एक जाणकार मुलगा किंवा मुलगी सिद्धटेकच्या वाहनतळावर उभी केली, तर अष्टविनायकाच्या बसमधला माणूस तासाभरात परत फिरणार नाही.

राशीनचेही तेच. जगदंबेच्या देवळातल्या दीपमाळा हलत्या आहेत. विटा-चुन्यातले ते उंच बांधकाम वर जाऊन हलवले की खरेच हलते. अंगणात उभे राहून मान वर करून बघणाऱ्याला आधी डोळ्यांवर विश्वास बसत नाही. कोणा कारागिराने ही किमया कशी साधली, जोडात काय ठेवले, वजन कसे तोलले, याचा नीट अभ्यास स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करायला हवा. आपण काय करतो? पाहुणा आला की कोणाला तरी वर चढवतो आणि ‘हलवून दाखव’ म्हणतो. शतकांचे वय झालेली वास्तू येणाऱ्या प्रत्येकासाठी हलवायची नसते. तिची डागडुजी सिमेंटने आणि सजावट ऑइलपेंटने करायची नसते. चुन्याच्या बांधकामाला सिमेंट मानवत नाही. सिमेंट ओल कोंडून धरते आणि आतला चुना भुसभुशीत होत जातो. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या देवळांचे दगड भडक रंगाखाली गुदमरले आहेत. राशीनला तरी हा उत्साह आवरावा.

याच तालुक्यातल्या रेहेकुरीची गोष्ट आणखी नाजूक आहे. काळविटांसाठी १९८० मध्ये राखलेले हे अभयारण्य अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. सव्वादोनही नाही. एवढ्याशा गवताळ माळावर काळविटांचे कळप उड्या मारत जाताना दिसतात, नराची काळी-पांढरी झळक आणि पिळदार शिंगे उन्हात उठून दिसतात. हे दृश्य बघायला माणूस आलाच पाहिजे. पण एवढ्याशा जागेत किती माणसे, किती गाड्या आणि कोणत्या वेळी, याचे गणित आधी मांडले पाहिजे. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे, हेही येणाऱ्याला सांगितले पाहिजे. जिथे झाड नाही ती जागा ओसाड समजून आपण खड्डे खणतो, रोपे लावतो आणि काळविटाला हवे असलेले मोकळे गवत मारतो.

गर्दी सणाचा आणि हंगामाचा घोट कसा घेते, याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, पावसाच्या तोंडावर भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी उजळतात. ‘काजवा महोत्सव’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि रात्री घाटात गाड्यांच्या रांगा लागल्या. काजव्यांचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेली साद असते. गाडीच्या दिव्यांत आणि मोबाईलच्या झगमगाटात ती साद हरवते. शेवटी वनखात्याला वेळेची आणि प्रवेशाची बंधने घालावी लागली. साताऱ्याच्या कास पठाराचेही तसेच. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, फुलांच्या हंगामात माणसांचा लोंढा आला आणि रोजच्या पर्यटकांवर मर्यादा, आगाऊ नोंदणी, शुल्क आणि कुंपण हे सगळे करणे भाग पडले. दोन्हीकडे शहाणपण नुकसानीनंतर आले. रेहेकुरीत अजून गर्दी नाही. म्हणूनच नियम आज करायचे.

माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग यांत पावणेतीनशेहून अधिक भाविकांचा बळी गेला. चिंचोळी वाट, निसरड्या पायऱ्या, वाटेवरच मांडलेली दुकाने, दुकानांत गॅसच्या टाक्या, ही त्या दिवसाची कारणे होती. त्यातली प्रत्येक गोष्ट आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही यात्रेत पाहायला मिळते. रथयात्रेत तर आणखी सावध राहावे लागते. पुढे दोरखंडाला शेकडो हात लागलेले असतात आणि प्रत्येकाला वाटते की रथ आपणच ओढतो आहोत. पण रथ चालतो तो चाकाशी वाकून चालणाऱ्या माणसांच्या भरवशावर. उताराला चाकाखाली लाकूड कधी सरकवायचे, वळणावर कोणत्या बाजूला ओढ कमी करायची, ‘थांबा’ कधी ओरडायचे, हे त्यांना पिढ्यांच्या सवयीने कळते. त्यांच्याभोवती चार हात मोकळी जागा राहिली पाहिजे. मोबाईल उंचावून चित्रीकरण करणाऱ्यांनी, नारळ फेकणाऱ्यांनी आणि रथापुढे मिरवणाऱ्या पुढाऱ्यांनीही ती जागा सोडावी.

पुढाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर स्वागताच्या फलकांबद्दलही बोलू. यात्रेच्या दिवशी कर्जतमध्ये येणाऱ्या परगावच्या भाविकाला पाण्याची टाकी कुठे, शौचालय कुठे, परतीची एसटी कुठून सुटते, हे सांगणारा फलक हवा असतो. त्याला दिसतात ते हात जोडलेले चेहरे. महिला भाविकांची कुचंबणा तर विचारू नका. एकादशीचा उपवास, तासन् तास रांग आणि कडेला नीट शौचालय नाही. म्हणून कित्येक बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. कमानीच्या खर्चात किती शौचालये झाली असती, असा हिशेब प्रत्येक गावाने यात्रेच्या आधी मांडून बघावा. ज्याच्या अंगणात पाहुण्या बाईची सोय नाही, त्याने यजमान म्हणवून घेऊ नये.

सरकारी महोत्सव आणि लोकांची यात्रा यांतला फरकही या निमित्ताने ओळखायला हवा. वेरूळ महोत्सव हा राज्याच्या पर्यटन खात्याचा मानाचा सोहळा. तोही मध्यंतरी काही वर्षे बंद पडला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा भरला. अनुदान, दुष्काळ, निवडणूक, अधिकाऱ्याची बदली, यांतले काहीही आडवे आले की असा महोत्सव थांबतो. याउलट भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रसिकांनी आपला मानला आणि तो टिकला. यात्रा तर त्याहून चिवट. २०२० मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही, तेव्हा संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, पण गेल्या. तिथी चुकली नाही. लोकवर्गणी, मानकरी, पंच, टाळकरी, रथाला हात लावणारी घराणी, अन्नदानाच्या पंगती उठवणारी पोरे हे मनुष्यबळ कोणत्याही कार्यक्रम-व्यवस्थापन कंपनीला विकत घेता येणार नाही. कर्जतकरांना मोठा सोहळा पेलत नाही, असेही कोणी म्हणू नये. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती कर्जतच्या मातीत झाली, राज्यभरातले मल्ल आणि शौकीन आले आणि सोलापूरच्या वेताळ शेळके यांनी गदा उचलली. हगाम्याची सवय असलेल्या गावाला आखाड्याची शिस्त शिकवावी लागत नाही.

मग करायचे काय? फार पैसे न लागणारी चार-पाच कामे आहेत. पहिले, तालुक्याचे सामाईक यात्रापंचांग. तिथी आपल्याला पाठ असते; परगावच्या माणसाला तारीख लागते. कर्जत, राशीन आणि सिद्धटेकच्या देवस्थानांनी, नगरपंचायतीने आणि ग्रामपंचायतींनी मिळून पुढच्या वर्षाच्या तारखा दिवाळीच्या आत जाहीर कराव्यात आणि त्याच कागदावर हुरड्याचे दिवस, रेहेकुरीचे नियम आणि भीमाकाठच्या पक्ष्यांचा हंगामही छापावा. दुसरे, एसटी. कर्जतला रेल्वे नाही. दौंड आणि भिगवण स्थानकांवरून सिद्धटेक, राशीन, कर्जत, रेहेकुरी असा फेरा घालणारी गाडी निदान यात्रेच्या दिवसांत आणि हंगामातल्या शनिवार-रविवारी धावावी.

तिसरे, मुक्काम. त्यासाठी नवे सिमेंटचे लॉज नकोत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. शेतकऱ्याच्या वस्तीवर दोन खोल्या, स्वच्छ न्हाणीघर आणि ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठले एवढे असले तरी शहरातला माणूस आनंदाने राहतो. हुरड्याच्या दिवसांत तर त्याला दुसरे काहीच नको असते. चौथे, यात्रेतल्या जागा. दुकानांचे भाडे उघडपणे ठरावे, फलकावर लिहावे आणि काही जागा तालुक्यातल्या महिला बचत गटांसाठी राखाव्यात. उपवासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी आपल्या बायकांइतकी चांगली कोण करणार? पाचवे, कचरा आणि आवाज. टाळ-मृदंगाच्या गजराला डीजेचा आधार लागत नाही. आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीचे पारणे सोडण्याआधी, गाव झाडून निघाले पाहिजे.

यातले एकही काम मंत्रालयाच्या मंजुरीसाठी अडणारे नाही. एसटीच्या फेऱ्या सोडल्या तर सगळे तालुक्याच्या हातातले आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा २०२७ चा सिंहस्थ जवळ येत आहे. त्याच्या तयारीच्या कोट्यवधींच्या आकड्यांनी डोळे दिपवून घेऊन, आपल्याही यात्रेला कधी तसा निधी मिळेल, याची वाट बघत बसणे कर्जतला परवडणारे नाही. यात्रेचे मोठेपण आलेल्या माणसांच्या आकड्यावरून मोजण्याची सवयही आता सोडावी. आलेला माणूस सुखरूप परतला का, त्याचा खर्च इथल्या कष्टकऱ्याच्या हातात पडला का आणि पुढच्या वर्षी तो आणखी दोघांना घेऊन येणार का, या तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तरच यात्रा पार पडली असे म्हणावे.

देवस्थानाच्या विश्वस्तांना, नगरपंचायतीला, पोलीस आणि एसटी प्रशासनाला आणि सगळ्यात आधी कर्जतकरांना आमचे एवढेच सांगणे आहे. आजची यात्रा शिस्तीत होऊ द्या. आणि द्वादशीनंतर, दमलेले पाय जरा मोकळे झाले की, याच आठवड्यात सगळ्यांनी एकत्र बसा. काय चुकले ते लिहून काढा आणि राशीनच्या घटस्थापनेपूर्वी त्यातल्या निदान दोन गोष्टी दुरुस्त करून दाखवा.